आपल्या देहाचे दप्तर आपण ठेवा

(चौक, तालुका खालापूर येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वकिलाने आरोग्यावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि ते मी सांगणारही नाही. परंतु पुरावा कशास म्हणावे, हे पाहण्यात माझे आयुष्य गेले आहे. न्यायालयात साक्षीदार "मी असे ऐकले" असे म्हणू लागला, की ती ऐकीव साक्ष म्हणून बाजूला पडते. जी साक्ष बांधाच्या दाव्यात चालत नाही, ती आपण आपल्या जिवाच्या बाबतीत का चालवून घेतो? "मला काही होत नाही", "आमच्या घराण्यात सगळे ऐंशी वर्षे जगले", "चक्कर आली ती उन्हाने आली", ही सगळी ऐकीव साक्ष होय. तिला मोजमापाचा आधार नाही. माझे आजचे म्हणणे थोडक्यात असे की, आपल्या रक्तदाबाचा, रक्तातील साखरेचा आणि कमरेच्या घेराचा आकडा प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला ठाऊक असलाच पाहिजे, तो लिहून ठेवलेला असला पाहिजे आणि त्या आकड्याप्रमाणे रोजच्या राहणीत बदल झाला पाहिजे.

धोका दिसत नाही म्हणून तो नसतो, असे मानण्याची किंमत काय पडते, हे चौकच्या लोकांना मी सांगावयास नको. इर्शाळगडाचा सुळका आपण रोज पाहतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ देह हाती लागले. ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली आणि अखेर शोध थांबवावा लागला. दरडीचा धोका असलेल्या गावांची सरकारी यादी होती. त्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. यादीत नाव नव्हते म्हणून डोंगर थांबला नाही. वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह यांची रीत हीच आहे. वर्षानुवर्षे ते माणसाला काही कळू देत नाहीत. माणूस कामावर जातो, लग्नकार्यात पंगती वाढतो, आणि एके दिवशी त्याचे अर्धे अंग लुळे पडते किंवा छातीत कळ येऊन तो खाली बसतो. लोक म्हणतात, "काल तर धडधाकट होता!" तो काल धडधाकट नव्हता. काल त्याची कोणी मोजणी केली नव्हती, इतकेच.

आपल्या समाजात एक समजूत खोल रुजली आहे. साखरेचा आणि हृदयाचा रोग म्हणजे शेठसावकारांचा रोग. अंगावर मांस नाही त्याला तो कोठून होणार? ही समजूत खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचा पुरावा पुण्यातूनच जगापुढे गेला आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपल्या दोघांचीच मोजमापे छापली. उंचीशी वजनाचे प्रमाण दोघांचे अगदी सारखे, २२.३. परंतु इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी निघाली शेकडा ९.१ आणि आपल्या पुण्याच्या डॉक्टरांच्या शरीरात शेकडा २१.२. वरून सडपातळ, आत चरबी, अशी आपल्या लोकांची घडण आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात असे दिसले की, ही घडण जन्मापासूनच असते. तेथील मुले सरासरी २.७ किलो वजनाची जन्मली, तर इंग्लंडमधील मुले ३.५ किलोची. आपल्या मुलांचे स्नायू आणि अवयव लहान राहिले होते. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी झाली नव्हती. आईच्या पोटी अन्न कमी पडलेले असे मूल पुढे भरपूर खाऊ लागले, की मधुमेहाचा धोका वाढतो, असा या संशोधकांचा निष्कर्ष आहे.

या शास्त्राचा अर्थ आपण नीट ध्यानात घ्यावा. ज्यांच्या आज्या आणि पणज्या अर्धपोटी राबल्या, शिळ्या तुकड्यावर ज्यांची बाळंतपणे निभावली, त्यांच्या नातवंडांना आज दोन वेळचे पोटभर मिळू लागताच जुनी उपासमार नव्या रूपाने गाठू शकते. म्हणून या रोगांकडे श्रीमंतांचे रोग म्हणून पाहणे आपल्याला सर्वांत महाग पडेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूति-साहाय्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी ठासून सांगितले होते. गरोदर सुनेच्या ताटात डाळ, अंडे, मासळी, पालेभाजी पडते की नाही, हा प्रश्न पुढच्या पिढीच्या रक्तातील साखरेचा प्रश्न आहे, हे आज शास्त्रानेही दाखविले आहे.

आता मोजणी कशी करावयाची ते पाहू. त्यासाठी मुंबईस जावे लागत नाही. तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाची माहिती भरण्यासाठी आशा सेविकेजवळ एक तक्ता असतो. तो भरण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. त्यात गुण आहेत; परंतु शाळेच्या उलट, येथे गुण जितके जास्त तितका धोका मोठा. वय वाढत जाईल तसे त्याचे गुण वाढत जातात. तंबाखू, गुटखा, बिडी कधी सोडली असेल किंवा अधूनमधून चालू असेल तर १, रोज चालू असेल तर २. रोज दारू असल्यास १. कमरेचा घेर पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरपलीकडे गेल्यास १, आणि त्याहून दहा सेंटिमीटर पुढे गेल्यास २. आठवड्यात निदान १५० मिनिटे अंगमेहनत होत नसल्यास १. आईबाप वा भावंडांत रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास २. बेरीज चारच्या वर गेली, की त्या माणसाने तपासणीसाठी विलंब करू नये.

एक हिशेब करून पाहू. पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ, खोपोलीकडे कारखान्याच्या फाटकावर पहारा करतो. वयाचे गुण तूर्त बाजूला ठेवू. दिवसभर खुर्चीवर, येणेजाणे मोटारसायकलीने, म्हणून मेहनतीचा १. तंबाखू रोज, त्याचे २. कमरेचा घेर ९४, त्याचा १. वडिलांना साखर होती, त्याचे २. वय सोडूनही बेरीज ६. या गृहस्थाला आज काहीही दुखत नाही. तरीही त्याची जागा तपासणीच्या रांगेत पहिली आहे. आणि हेही पाहा, की वयाचे गुण आणि बापाकडून आलेले २ त्याच्या हातात नाहीत. उरलेले चार पूर्णपणे त्याच्या हातात आहेत.

बेरीज कमी आली म्हणजे मोजणी टळली असे मात्र नव्हे. तिशीनंतर प्रत्येकाने रक्तदाब आणि साखर पाहिलीच पाहिजे. शांत बसून निरनिराळ्या दिवशी घेतलेला दाब १४० वर ९० किंवा त्याहून जास्त निघत असेल तर डॉक्टरांकडे जावे. अनोशा पोटी साखर १०० च्या आत असावी; १०० ते १२५ ही इशाऱ्याची घंटा होय; १२६ किंवा पुढे पुन्हा तपासूनही आली तर तो मधुमेह. तिशीनंतर तोंडाची, आणि स्त्रियांनी स्तनांची व गर्भाशयाच्या मुखाचीही तपासणी करून घ्यावी. भगिनींनो, लाजेपायी हे टाळू नका. आणि ज्यांना गोळ्या सुरू झाल्या आहेत त्यांना एक विनंती. आकडा खाली आला तो गोळीमुळे आला आहे. "आता बरे वाटते" म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका.

मोजणी झाल्यावर सवयींचा प्रश्न येतो. प्रथम ताट. आपल्याकडे भात हेच जेवण. भात सोडा असे मी म्हणत नाही. ताटातील भाताचा ढीग अर्ध्यावर आणा, आणि मोकळी झालेली जागा डाळ, उसळ, पालेभाजी, मासळी यांना द्या. अतिखाण्याविषयी भगवान बुद्धांनी कोसलाचा राजा पसेनदी याला दिलेला उपदेश संयुत्तनिकायात आला आहे. राजा द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत भगवंतांकडे आला. त्यांनी त्याला मात्रा ओळखून खाण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावून रोज जेवणाच्या वेळी म्हणावयास सांगितले, आणि हळूहळू तो नाळीभर भातावर आला. यातील 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा आहे. एका दिवसात सर्व सोडणारा आठव्या दिवशी सर्व पुन्हा धरतो. घरात आठवण करून देणारा एक सुदर्शन प्रत्येकाने नेमावा. शाळेत जाणारी मुलगी हे काम उत्तम करते.

दुसरे मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा, कमी मीठ पुरे. आपल्याकडे सुकट, बोंबील, लोणचे, पापड आणि ताटात वाढलेले मीठ मिळून ते कधी ओलांडले जाते कळतही नाही. सुकी मासळी दोनतीन पाण्यांतून काढावी, आणि ताटातील मिठाची चिमूट बंद करावी. तिसरे चालणे. ज्यांच्या वडिलांनी दिवसभर नांगर धरला त्यांची मुले आज गाडी चालवितात किंवा यंत्रापुढे उभी राहतात. रोज अर्धा तास झपाझप चालणे हे त्याचे भरून काढणे होय. चेन्नई येथे ५३१ जणांवर तीन वर्षे प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांची साखर इशाऱ्याच्या पातळीवर होती, अशांपैकी आहार सुधारून नियमित चालणाऱ्यांत मधुमेह होण्याचे प्रमाण शेकडा २८.५ ने घटले. गोळी घेणाऱ्यांत ते शेकडा २६.४ ने घटले. चालण्याला पैसा पडत नाही.

चौथे व्यसन. मशेरी हे दात घासण्याचे साधन नसून ती तंबाखूच आहे, हे आपल्या वडीलधाऱ्या बायकांना कोणीतरी आदराने सांगितले पाहिजे. गुटख्यावर या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरीही पुडी मिळते, हे आपण सर्व जाणतो. दारूविषयी मी लांबण लावीत नाही. आपण पाचवे शील सभेत एका स्वरात म्हणतो. ते घरी पाळले तर संसार वाचतो, आणि यकृतही वाचते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. "साहेब, बारा तासांच्या पाळीनंतर चालावे कधी? पगार तेवढाच, तर फळे कोठून आणावीत?" माणसाच्या सवयींना दोष देऊन मालकाने आणि सरकारने हात झटकावेत, असे मी कदापि म्हणणार नाही. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले आहे. १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, कामगाराचे आरोग्य हा २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे असा निर्णय दिला, आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद निदान ४० वर्षे जपण्याचा आदेश त्या कारखान्यांना दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी ही मालकाची जबाबदारी ठरविली आहे. रसायनी, पाताळगंगा, खोपोली येथे राबणाऱ्यांनी ती मागून घ्यावी; ठेकेदारामार्फत लागलेल्यांनीही मागावी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार विनामूल्य आहेत. चौकचे ग्रामीण रुग्णालय आपल्या दारात आहे. तेथे यंत्र बंद असेल, औषध नसेल, तर तोंडी कुरकुर करून परतू नका. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

आणि प्रत्येक तपासणीचा कागद आपल्याजवळ ठेवा. कामावर माणूस दगावला, की नुकसानभरपाईच्या दाव्यात मालक हमखास म्हणतो, "याला आधीपासूनच रोग होता." विधवेजवळ मृत्यूच्या दाखल्याखेरीज कागद नसतो. आरोग्याचे दप्तर जिवंतपणी प्राण वाचविते आणि दुर्दैवाने प्रसंग आलाच तर मागे राहिलेल्यांचा हक्कही वाचविते.

शेवटी एकच गोष्ट. बाबासाहेबांना मधुमेहाने ग्रासले होते. पायांच्या वेदनांनी त्यांना रात्र रात्र झोप येत नसे. आज गावातील आरोग्य केंद्रावर होणारी मोजणी आणि आज सहज मिणारी औषधे त्या काळी नव्हती. तशा प्रकृतीने त्यांनी संविधानाचा मसुदा सिद्धीस नेला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लक्षावधींना धम्माची दीक्षा दिली. त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले. त्यांना आणखी दहा वर्षे मिळती तर काय झाले असते, हा विचार ज्याच्या मनात येत नाही असा माणूस या सभेत नसेल. जी साधने त्यांना लाभली नाहीत, ती आपल्या दारात असताना आपण ती वापरीत नाही, ही गोष्ट आपल्याला शोभत नाही.

यास्तव माझी सूचना अशी. दर वर्षी १४ एप्रिलला प्रत्येक विहारात एक वजनकाटा, एक मापपट्टी आणि दाब मोजण्याचे एक यंत्र ठेवावे. आशा सेविकेला सन्मानाने बोलवावे. मिरवणूक निघण्यापूर्वी तीस वर्षांवरील प्रत्येकाने आपले आकडे वहीत लिहून घ्यावेत, गेल्या वर्षीच्या आकड्यांशी ते ताडून पाहावेत, आणि ज्याची बेरीज चारच्या वर गेली असेल त्याला दुसऱ्या दिवशी रुग्णालयात नेण्याची जबाबदारी तरुणांनी घ्यावी. ही वही येत्या जयंतीपासून चौकमध्ये सुरू करा, एवढी आपणांस विनंती करून मी आपली रजा घेतो. जय भीम.