काटा आधी तपासा



कापसाचा काटा आपण तपासून घेतो. रक्तदाबाच्या यंत्राचेही तसेच करू. मनगटाचे नको, दंडाला पट्टा बांधायचे घ्या. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. लहान पडला तर आकडा वाढून येतो. दवाखान्यातल्या यंत्राशी एकदा ताडून पाहा.

वखर सोडून आल्या आल्या मोजू नका. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या. पाच मिनिटे टेकून बसा, हात छातीच्या उंचीवर टेकवा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदोनदा मोजून वहीत लिहा. सरासरी १३५/८५ किंवा वर गेली तर वही घेऊन डॉक्टरकडे जा.

आकडा उतरला म्हणून गोळी सोडू नका. तो गोळीनेच उतरलेला असतो. आमच्यातल्या एका कार्यकर्त्याने सोडली, ऐन वेचणीत अर्धे अंग गेले.