खरकसिंगाचा दरवाजा



उत्तर प्रदेशातील खरकसिंग नावाच्या एका इसमावर 1941 साली दरोड्याचा आरोप आला आणि पुराव्याअभावी तो सुटला. परंतु पोलिसांनी त्याच्या नावे हिस्ट्रीशीट उघडले, आणि चौकीदार व शिपाई रात्री-अपरात्री दारावर थाप मारून आपल्याला झोपेतून उठवतात, परगावी जायचे तर वर्दी द्यावयास लावतात, असे गाऱ्हाणे घेऊन त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. न्यायालयाने 1962 साली रात्रीच्या त्या भेटी तेवढ्या घटनाबाह्य ठरविल्या. बाकीची पाळत कायम राहिली, खासगीपणाचा हक्क घटनेत नाही असे बहुमत पडले, आणि न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे भिन्नमत पंचावन्न वर्षे ग्रंथांत राहिले, तोवर 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमुखाने तो हक्क मूलभूत म्हणून मान्य केला.

या प्रकरणातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खरकसिंगाच्या दारापर्यंत शिपायाला पायी जावे लागे. त्या श्रमामुळेच सरकारला माणसे निवडावी लागत, संशयाला काही तरी कारण शोधावे लागे, आणि उरलेले गाव निर्धास्त झोपत असे. इंटरनेटच्या युगात हे श्रम उरले नाहीत, कारण कोणी कोणाशी, केव्हा, कोठून, किती वेळ संपर्क साधला याचा रोजनामचा सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या यंत्रात आपोआप लिहिला जातो, आणि तो अमुक मुदतीपर्यंत जपून ठेवा एवढे कायद्याने फर्मावले, की संशयित आणि निरपराध हा भेदच मावळतो.

माद्रिद व लंडन येथील बाँबस्फोटांनंतर युरोपीय संघाने 2006 साली नेमके हेच फर्मावले. मुदत सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. संभाषणाचा आशय नव्हे, केवळ नोंदी ठेवायच्या आहेत, असे आश्वासन होते. या ‘केवळ’ शब्दाची किंमत माल्टे स्पिट्झ या जर्मन राजकारण्याने जगाला दाखविली. त्याने आपल्याच दूरध्वनी कंपनीवर दावा लावून स्वतःच्या सहा महिन्यांच्या नोंदी मिळविल्या. त्या 35,830 भरल्या, आणि 2011 साली ‘डी त्साइट’ या जर्मन वृत्तपत्राच्या संकेतस्थळाने त्या नकाशावर मांडल्या तेव्हा तो कोणत्या गाडीने कोठे गेला आणि कोठे निजला, हे एकही शब्द न ऐकता कोणासही वाचता आले. तत्पूर्वीच, 2 मार्च 2010 रोजी, जर्मनीच्या घटना न्यायालयाने नोंदी जपण्याचा तेथील कायदा रद्द करून जमविलेल्या नोंदी नष्ट करविल्या होत्या. आणि 8 एप्रिल 2014 रोजी युरोपीय न्यायालयाने संघाचा 2006 चा मूळ निर्देशच अवैध ठरविला.

आपल्याकडे मात्र प्रवाह उलट दिशेने वाहतो आहे. डिसेंबर 2021 मध्ये दूरसंचार परवान्यांच्या अटी बदलून नोंदी जपण्याची मुदत एका वर्षाची दोन वर्षे झाली. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशाने संगणक-व्यवस्थांच्या नोंदी 180 दिवस ठेवणे बंधनकारक झाले, आणि व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरचा संपर्क गुप्त राखणारी सेवा, पुरविणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी, इतकेच नव्हे तर सेवा घेण्याचे प्रयोजनसुद्धा, सेवा बंद झाल्यावरही पाच वर्षे दप्तरी ठेवावे असे ठरले. प्रयोजन! कुलूप विकत घेणाऱ्याने पेटीत काय ठेवणार हे दुकानदाराच्या वहीत लिहून द्यावे, यासारखीच ही अट आहे, आणि ती खासगीपणाला मूलभूत हक्क म्हणणाऱ्या निर्णयाला पाच वर्षे पुरी होण्याआधीच आली.

ज्याने काही केले नाही त्याला भय कशाचे, असे विचारणारे सज्जन पुष्कळ भेटतात. खरकसिंगानेही न्यायालयापुढे सिद्ध होईल असे काही केलेले नव्हते. दूरध्वनीवरून वृद्धांची आयुष्यभराची पुंजी लुबाडणारे मोकाट आहेत, त्यांना धरण्यासाठी पोलिसांना नोंदी लागतात, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी सर्वांचे दप्तर आधीच भरून ठेवण्याची गरज नाही. विशिष्ट इसमाविषयीच्या नोंदी त्या क्षणापासून पुसू नयेत असा तातडीचा हुकूम काढण्याची तरतूद सायबर गुन्ह्यांविषयीच्या 2001 च्या बुडापेस्ट करारातच आहे.

खरकसिंगाला निदान दारावरची थाप ऐकू येत असे, म्हणून तो दाद मागू शकला. आज टेहळणीचा हुकूम गृहसचिवाच्या सहीने निघतो आणि फेरतपासणीच्या समितीतही सचिवच बसतात. हुकमावर न्यायाधीशाची सही असावी, त्याला मुदत असावी, आणि तपास संपल्यावर ज्याचे दप्तर उघडले गेले त्याला ते लेखी कळवावे, ही माझी मागणी आहे.