पायथन : चार मोकळ्या जागांची शिस्त

मी फौजेत 28 वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर इंदूरला स्थायिक झालो. शिक्षण बी.ए. कॉम्प्युटरशी संबंध ईमेलपुरता. तरी आज पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेबद्दल बोलणार आहे.

नात अकरावीत गेली. सीबीएसईच्या कॉम्प्युटर सायन्सला पायथन आहे. मी म्हटलं, "मलाही शिकव." ती म्हणाली, "आजोबा, बेरीज टाइप करा, एंटर दाबा." उत्तर लगेच समोर! मग कळलं, आकड्यांना फरक, एकूण अशी मराठी नावंही देता येतात. '१२' असं देवनागरीत लिहिलं तरी पायथन त्याचा आकडा करून घेतो.

ही भाषा गीदो व्हॅन रॉसम या डच माणसाने 1989 च्या नाताळच्या सुट्टीत लिहायला घेतली आणि 1991 मध्ये लोकांसाठी खुली केली. नाव अजगरावरून नाही, मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून आहे. ती फुकट मिळते. 2019 साली कृष्णविवराची पहिली प्रतिमा जगाने पाहिली, त्या कामातही पायथन होती.

मला ती उपयोगी पडली पेन्शनच्या हिशोबात. आमच्या युनिटमधल्या एका दिवंगत हवालदाराच्या पत्नीला शंका होती, की आपल्याला पैसे कमी मिळाले. पेन्शनवरचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, जानेवारी आणि जुलैपासून. पासबुकातल्या 60 महिन्यांच्या नोंदी मी भरल्या. प्रोग्राम सोपा होता : प्रत्येक महिन्याला देय रकमेतून मिळालेली रक्कम वजा करायची आणि तो फरक एकूणात मिळवायचा.

उत्तर आलं शून्य.

फोन हातात घेतला होता. "ताई, तुमचं काही येणं नाही," एवढंच सांगायचं होतं. पण हिशोब हाताने ताडून बघायची जुनी सवय. तीन महिने कागदावर मांडले, तर तिन्ही महिन्यांत पैसे कमी! प्रोग्राम मात्र शून्य म्हणत होता.

नातीने एका नजरेत चूक पकडली. पायथनमध्ये कोणती ओळ कोणाच्या हाताखाली, हे तिच्या आधी सोडलेल्या मोकळ्या जागेवरून ठरतं. साधारणपणे चार जागा सोडतात. माझी बेरजेची ओळ डावीकडे सरकली होती. त्यामुळे ती दर महिन्याला न चालता शेवटी एकदाच चालली, आणि शेवटच्या महिन्यात पैसे बरोबर मिळाले होते. ड्रिलमध्ये एक जवान रांगेबाहेर गेला तर उस्ताद ओरडतो. इथे कोणीही ओरडलं नाही. व्याकरण बरोबर होतं, फक्त अर्थ बदलला होता.

चार जागा सोडल्या आणि थकबाकी दिसली. महिन्यावार तक्ता अर्जाला जोडला. काही महिन्यांनी ताईंचा फोन आला, "साहेब, आले पैसे."

म्हणून सांगतो, वय विसरा आणि पायथन शिका. सुरुवात दुधाच्या हिशोबापासून करा. फक्त पहिली दोन-तीन उत्तरं हाताने ताडून बघा. भाषा सोपी आहे, पण तिच्या उत्तरावर कोणाचं तरी घर चालत असतं.

जय हिंद.