कोळसा कुणाकुणाच्या हिशेबात आहे?



कार्बन उत्सर्जनाचा विषय निघाला की बोलणं धुराड्यांपासून सुरू होतं, आणि चंद्रपुरात ते स्वाभाविकच आहे. २९२० मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र उशाशी, दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणी त्याला लागून, आणि वर चंद्रपूरचा उन्हाळा. मी मात्र आज जमाखर्चाविषयी बोलणार आहे. एखादा देश किती कार्बन हवेत सोडतो हे किमती, व्याज, कर आणि आधी घेतलेली कर्जं मिळून ठरवतात, असं माझं म्हणणं आहे. भारतात या चारही गोष्टींची गाठ कोळशाशी बसलेली आहे.

योइची काया या जपानी अर्थतज्ज्ञांनी एक सोपं समीकरण मांडलं. लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, एक रुपया मिळवायला लागणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेतला कार्बन, या चारांचा गुणाकार केला की देशाचं उत्सर्जन मिळतं. आता आपला देश त्यात घालून पाहा. १९९० पासून आपली लोकसंख्या पावणेदोन पटीच्या आत वाढली, पण इंधनांतून होणारं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन पाच पटींहून अधिक झालं. म्हणजे ‘माणसं वाढली म्हणून धूर वाढला’ हे जे आपण सहज बोलून जातो, त्यात फारसा दम नाही. वाढलं ते उत्पन्न. घरात दिवा आला, पंखा आला, सिमेंटचं छत आलं, दारात मोटारसायकल आली. या वाढीची लाज वाटून घ्यायचं काहीच कारण नाही. आजही आपलं दरडोई उत्सर्जन सुमारे दोन टन आहे, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी; अमेरिकेचं चौदा टनांच्या आसपास आहे.

उत्पन्न घटलं की उत्सर्जन घटतं, हेही जगानं पाहिलं आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियाचं उत्सर्जन काही वर्षांतच सुमारे तिसऱ्या हिश्शानं उतरलं, कारण कारखाने बंद पडले होते. २०२० मध्ये टाळेबंदीनं जगाचं उत्सर्जन खाली आणलं. पुढच्याच वर्षी ते जवळपास पूर्ववत झालं. अशा घटीचा आनंद कोणी मानू नये. ती गरिबीतून आलेली असते आणि टिकतही नाही.

टिकणारी घट कशी होते, ते ब्रिटनकडे पाहून कळतं. १९९० मध्ये तिथं वीज उद्योगाचं खासगीकरण सुरू झालं. नव्या मालकांना पैसा लवकर वसूल करायचा होता. उत्तर समुद्रातला वायू हाताशी होता, वायूवरचं केंद्र बांधायला स्वस्त आणि लवकर उभं राहणारं होतं, म्हणून ते कोळसा सोडून वायूकडे वळू लागले. त्या वेळी पर्यावरणाचा विचार त्यांच्या मनात फारसा नव्हता, तरी वायूवर तयार झालेल्या एका युनिटमागचा कार्बन कोळशाच्या साधारण निम्मा होता. पुढं २०१३ मध्ये सरकारनं वीजनिर्मितीतल्या कार्बनला किमान किंमत लावली. २०१२ मध्ये त्या देशाची सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफचं शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं. पण त्याच हिशेबाचं दुसरं पान वेल्स आणि यॉर्कशरच्या खाणगावांत आहे. १९८४-८५ चा वर्षभराचा संप हरल्यावर तिथल्या खाणी बंद होत गेल्या आणि गावांच्या हाती पर्यायी उत्पन्न आलं नाही. त्यातली कित्येक गावं अजून सावरलेली नाहीत. चंद्रपुरात उभा राहून मला हे पान उलटून पुढं जाता येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. सूर्याची वीज स्वस्त झाली, मग कोळसा का जात नाही, असं तरुण मंडळी विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. २०१० च्या सुमारास सौर विजेचा दर युनिटला बारा रुपयांच्या घरात होता. २०१७ मध्ये राजस्थानात भडला इथं २ रुपये ४४ पैशांची बोली लागली. तरीही आपली सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशावरच तयार होते. एक कारण उघड आहे: सूर्य मावळतो आणि साठवणुकीला पैसे पडतात. दुसरं कारण वीज खरेदी करारांत दडलेलं आहे, आणि त्याच्याविषयी फार कमी बोललं जातं. औष्णिक केंद्राशी होणारा करार बहुधा पंचवीस वर्षांचा असतो. त्यात दोन आकार असतात: इंधनाचा वेगळा, आणि यंत्रसामग्रीच्या कर्जाचा, व्याजाचा, देखभालीचा स्थिर आकार वेगळा. केंद्र वीज द्यायला तयार असेल तर वितरण कंपनीनं ती घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. मग बाहेरची नवी वीज स्वस्त असूनही आधी बांधलेल्या केंद्राचं बिल चुकत नाही. आपल्या केंद्रातले आठ आणि नऊ क्रमांकाचे संच २०१६ च्या आसपास सुरू झाले. पंचवीस वर्षं मोजा, २०४० ओलांडून जातं. २००७ नंतरच्या दशकात देशभर असे शेकडो संच उभे राहिले. उद्याच्या उत्सर्जनाचा मोठा भाग त्या दशकातल्या कर्जरोख्यांवरच लिहिला गेला आहे.

व्याजाचं पाहा. कोळशाच्या केंद्राला इंधन रोज विकत घ्यावं लागतं. सौर प्रकल्पाचा जवळपास सगळा खर्च पहिल्या दिवशी होतो. शंभर रुपये पंचवीस वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचे तर ५ टक्के व्याजानं वर्षाला सात रुपये पडतात आणि १० टक्क्यांनी अकरा. सौर पॅनेल तेच, पण जर्मनीतल्या माणसाला जे भांडवल स्वस्त मिळतं ते आपल्याला महाग पडतं. हवामान परिषदांमध्ये श्रीमंत देश आपल्याला उद्दिष्टं वाढवायला सांगतात, तेव्हा त्यांच्याशी पहिलं बोलणं व्याजदराचं व्हायला हवं.

आणि कर. २०१० मध्ये केंद्र सरकारनं कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसवला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. टनाला ठरावीक रक्कम असल्यानं तो कार्बनवरच्या कराच्या जवळ जाणारा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. ऐकताना कर वाढल्यासारखा वाटतो. पण टनाला १५०० रुपये भाव असलेला कोळसा धरा: आधी ७५ अधिक ४००, म्हणजे ४७५ रुपये कर होता, आता २७० झाला. म्हणजे स्वस्त, राखेनं भरलेल्या कोळशावरचाच कर उतरला. मला हा बदल चुकीचा वाटतो, आणि तो इतक्या शांतपणे झाला याचं अधिक वाईट वाटतं.

कोळशावर इतरांचंही उत्पन्न उभं आहे. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनानं निम्म्याच्या आसपास कोळसाच असतो, आणि प्रवासी भाड्याची तूट मालभाडं भरून काढतं. म्हणजे कोळसा घटला की सामान्य माणसाच्या तिकिटाचा प्रश्न उभा राहतो. राज्याच्या तिजोरीत कोळशाच्या किमतीवर १४ टक्के स्वामित्वधन येतं. कोळसा सोडायचा म्हणजे एवढ्या सगळ्यांचं उत्पन्न दुसरीकडून उभं करायचं.

शेतीपंपाचं उदाहरण मात्र उमेद देणारं आहे. शेतकऱ्याला वीज स्वस्त किंवा मोफत, त्याचा भार काही अंशी उद्योगांच्या दरावर, आणि दर चढले की मोठे कारखाने स्वतःचं कोळशाचं वीज केंद्र उभारतात, असं हे चक्र वर्षानुवर्षं चाललं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत कृषी फीडर गावाजवळच्या सौर प्रकल्पाला जोडले जातात. वीज दिवसा मिळते, पंपालाही ती दिवसाच हवी असते, त्यामुळे साठवणुकीचा खर्च वाचतो आणि अनुदानाचा बोजाही हलका होतो. आपल्या जिल्ह्यात रात्री पाणी द्यायला गेलेल्या माणसाला वाघाची भीती असते. त्याच्या दृष्टीनं दिवसाची वीज ही कार्बनच्याही आधीची गोष्ट आहे. ज्या उपायात माणसाची आजची गरज भागते, त्याला विरोध होत नाही.

शेवटी आपल्या जिल्ह्याविषयी. जुन्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम खाणबाधितांसाठी असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यावी लागते. खाणी चालू आहेत तोवरच हा पैसा येणार. तो रस्ते आणि सभागृहांवर संपवू नये. त्यातला ठरावीक हिस्सा कायम ठेव म्हणून बाजूला काढावा आणि तो खाण-कामगारांच्या, त्यातही कंत्राटी कामगारांच्या, मुलांच्या शिक्षणाला आणि नव्या उद्योगांच्या जमिनीला लागावा. कोणता संच आणि कोणती खाण कोणत्या वर्षी बंद होणार, याचं वेळापत्रक सरकारनं आजच जाहीर करावं, म्हणजे वीस वर्षांचा मुलगा कोणतं शिक्षण घ्यायचं ते त्यावरून ठरवू शकेल. या दोन्ही मागण्या जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत मांडता येतील, आणि त्या मांडायला आपल्यापैकी कोणीतरी तिथं गेलं पाहिजे.