डॉक्टरांचा प्रश्न म्हणजे आरोप नव्हे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



विषयाचे नाव ऐकताच काहींनी माना खाली घातल्या. त्यात वावगे काही नाही. लाज हा आपला दागिना आहे. परंतु दागिना गळ्याला काचू लागला तर तो सैल करावा लागतो.

एक तरुण सून सासूबाईंबरोबर माझ्याकडे आली. नाव-गाव अर्थातच सांगणार नाही. "अंगावरून पांढरे जाते," एवढे सासूबाईंनी सांगितले, सून गप्प. त्यांना थोडा वेळ बाहेर बसवले, तेव्हा ती बोलली. सहा महिने तिचे ओटीपोट दुखत होते. नवऱ्यालाही लघवीला जळजळ होत होती आणि तो दुकानातून गोळ्या आणून खात होता. दोघांनाही औषध दिले, तेव्हा कुठे दुखणे थांबले.

अंगावरून जाणारे सगळेच पांढरे पाणी रोगाचे नसते. परंतु दुर्गंधी, खाज किंवा पोटदुखी असेल तर तपासून घ्यावे. परमा, क्लॅमिडिया अशा रोगांत स्त्रीला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. रोग गर्भनलिकांपर्यंत पोहोचू शकतो, पुढे कधी कधी मूल राहत नाही आणि दोष तिच्याच माथी येतो. म्हणून पती-पत्नी दोघांनी पूर्ण औषध घेणे जरूर आहे.

डॉक्टर खाजगी प्रश्न विचारतात ते याच निदानासाठी. मात्र आम्हा डॉक्टरांवरही जबाबदारी आहे. पडदा ओढावा, आधी समजावून सांगावे, संमती घेऊनच तपासावे आणि कपाळाला आठी घालू नये. एच.आय.व्ही.ची तपासणी संमतीने व्हावी आणि तिचा निकाल गुप्त राहावा, असा २०१७ चा कायदाच आहे.

मुलांनो, झोपेत वीर्यस्खलन होणे हा आजार नाही. भिंतींवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातींना भुलू नका. सरकारी रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' आहेत, तर किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री क्लिनिक' आहेत. तेथे सल्ला विनामूल्य मिळतो.

आणि पालकहो, मुलीने अम्मीला किंवा मुलाने अब्बांना काही विचारले, तर आधी रागावू नका. घरात उत्तर मिळाले नाही तर मूल ते भिंतीवर शोधते.