दोन कोटी पौंड कोणाच्या हाती पडले?



कोणताही कायदा हाती आला की मी प्रथम त्यातील नुकसानभरपाईची कलमे वाचतो. कायदा कोणास माणूस समजतो आणि कोणास मालमत्ता, हे तेथे उघड होते. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. इंग्रजांच्या औदार्याची साक्ष म्हणून तो पुष्कळदा पुढे केला जातो. ते औदार्य आपण जरा तपासून पाहू.

१८३१ च्या नाताळात जमैका बेटावरील हजारो गुलामांनी काम बंद केले. सॅम्युअल शार्प हा त्यांचा पुढारी. स्वतः गुलाम आणि बाप्टिस्ट धर्मोपदेशक. मजुरी मिळाल्याखेरीज ऊस तोडावयाचा नाही, एवढीच मूळ मागणी होती. मळे पेटले, लष्कर आले आणि तीनशेहून अधिक लोकांना देहान्त शिक्षा झाली. शार्पला १८३२ च्या मे महिन्यात फासावर चढविले. त्याच वर्षी इंग्लंडात मतदानसुधारणेचा कायदा झाला. पैशाने विकत घेतल्या जाणाऱ्या ओसाड मतदारसंघांवर गदा आली व मळेवाल्यांचे पार्लमेंटातील बळ घटले. (ज्या कामगारांनी या सुधारणेसाठी चळवळ केली, त्यांतील बहुतेकांना मात्र मत मिळाले नाही.) मग १८३३ चा कायदा आला. दया होती, नाही असे नाही. पण भयही होते.

आता कलमे पाहा. दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली, ती मालकांना. सुमारे आठ लक्ष गुलामांना एक पेनीही नाही. उलट, सहा वर्षांवरील प्रत्येकाने ‘उमेदवार’ या नावाखाली पूर्वीच्याच धन्याकडे आठवड्याचे पंचेचाळीस तास बिनमजुरी राबावे, असे ठरले. नाव बदलले, वेठ राहिली. असंतोष वाढल्यामुळे १८३८ साली ही उमेदवारी मुदतीपूर्वी गुंडाळावी लागली.

चौसष्टावे कलम आपल्याशी निगडित आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख या कायद्यातून वगळला होता! हिंदुस्थानात गुलामावरील मालकी हक्क न्यायालयांनी मानू नये, असा कायदा व्हावयास १८४३ साल उजाडले.

जॉन ग्लॅडस्टन या मळेवाल्यास सुमारे अडीच हजार गुलामांबद्दल एक लक्ष पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. पुढे चार वेळा पंतप्रधान झालेला त्याचा पुत्र १८३३ साली कॉमन्स सभेत वडिलांच्या मळ्याची बाजू मांडत होता. गुलाम सुटणार म्हणताच थोरल्या ग्लॅडस्टनने कलकत्त्याहून करारबद्ध मजूर मागविले. १८३८ च्या मे महिन्यात ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही जहाजे त्यांना घेऊन ब्रिटिश गियानाच्या किनाऱ्यास लागली.

आणि ते दोन कोटी? त्यांसाठी सरकारने १८३५ साली दीड कोटींचे कर्ज काढले. पुढे इतर कर्जरोख्यांत मिसळलेले ते ऋण २०१५ साली फिटले. तोवर जमैकाहून येऊन इंग्लंडात स्थायिक झालेली, त्याच गुलामांची नातवंडे-पणतवंडेही तेथे कर भरीत होती.