ऊसगाडीचे चाक आणि टायरचे माप

दिवाळी सरली म्हणजे बीड जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील गावे हळूहळू रिती होऊ लागतात. खरिपाचे धान्य घरात येते न येते तोच ऊसतोडीची कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन, मुलेबाळे, भांडीकुंडी आणि बैल यांसह अहिल्यानगर, सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंच्या साखर कारखान्यांकडे, आणि त्याही पलीकडे कर्नाटकात निघतात. परत येईतो होळीचा सुमार होतो. थंडीचे हे चार-पाच महिने त्यांचे घर म्हणजे फडाजवळची कोपी, आणि ज्यांच्याजवळ बैल आहेत त्यांची सारी मिळकत गाडीच्या दोन चाकांवर अवलंबून. ही चाके कशी असावीत, कोणत्या मापाची असावीत, हा प्रश्न शहरातील श्रोत्यांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु बैलाच्या मानेचा आणि गाडीवानाच्या हंगामाचा निकाल पुष्कळ अंशी त्यावरच लागतो.

जुन्या गाडीचे चाक म्हणजे सुताराच्या कसबाची परीक्षाच होय. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसविलेले पाटे आणि या सर्वांस आवळून धरणारी लोखंडी धाव. ही धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान घडवून, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चढवितात व तत्काळ पाणी ओतून निववितात. लोखंड आकसते आणि चाक एकजीव होते. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव खुळखुळू लागली म्हणजे गाडीवान मुद्दाम नदीच्या पाण्यातून गाडी घालीत. असे चाक गावच्या कामास उत्तम, कारण मोडले तर गावातच दुरुस्त होते. परंतु त्याची धाव दोन-तीन बोटे रुंद. कठीण सडकेवर ती जेमतेम एका रेघेपुरती टेकते, सगळा भार त्या रेघेवर येतो आणि खडी फुटते. काळ्या जमिनीत तीच धाव सुरीसारखी रुतत जाते.

येथे थंड मुलुखातील एक उदाहरण उपयोगी पडेल. तिकडे हिवाळा आला की मोटारीचे टायर बदलावे लागतात. फिनलंडमधील एका कारखान्याने १९३४ साली खास बर्फासाठी टायर काढला, तेव्हापासून ही विद्या वाढत गेली. तेथील जाणते लोक हिवाळ्यासाठी पुष्कळदा थोडा अरुंद टायर पसंत करतात. तो मऊ बर्फ कापून खालच्या कठीण सडकेस जाऊन भिडतो. मग काळ्या रानात अरुंद धाव का चालू नये? कारण बर्फाखाली सडक असते, आणि गोदाकाठच्या वा कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत पाणी दिलेल्या उसाच्या फडाखाली हात-दोन हात पुन्हा काळी मातीच असते. तेथे चाकाने खाली जाण्यात अर्थ नाही. त्याने वर तरंगले पाहिजे. त्यासाठी रुंदी हवी, आणि रुंदीबरोबर हवेचा मऊपणाही हवा.

हवेचा टायर १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केला. हा गृहस्थ धंद्याने जनावरांचा डॉक्टर होता; तथापि त्याच्या युक्तीचा लाभ जनावरांच्या आधी सायकलस्वारांस आणि मोटारवाल्यांस झाला. त्याच्या नावाच्या कंपनीने १९३६ साली बंगालमध्ये साहागंज येथे कारखाना काढला, आणि उत्तर हिंदुस्थानात हवेच्या टायरच्या गाडीला 'डनलप' असेच नाव पडले. आपल्याकडे तिला टायरगाडी म्हणतात.

आता मापाकडे वळू. मोटारीच्या टायरवर २०५/५५ आर १६ असे काही लिहिलेले असते. त्यात २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ म्हणजे रुंदीच्या मानाने टायरच्या भिंतीची शेकडेवारी उंची आणि १६ हा आतील लोखंडी रिमचा इंचांतील व्यास. वेगवान मोटारीचा शौकीन मालक १७ इंची रिम घालतो तेव्हा भिंत कमी करून २२५/४५ आर १७ घेतो, म्हणजे बाहेरचा व्यास सुमारे ६३ सेंटिमीटर होता तेवढाच राहतो. हा हिशेब न करता केवळ डौलासाठी मोठी रिम घालणाऱ्यास खड्ड्यांच्या सडकेवर रिम वाकवून घेण्याचीच हौस असली पाहिजे. बैलगाडीच्या टायरचा आकडा सोपा आहे. ८.००-१९ म्हणजे रुंदी आठ इंच, रिम एकोणीस इंच. या जातीच्या टायरची भिंत साधारण रुंदीएवढीच असते. म्हणून दोन बाजूंचे सोळा आणि मधले एकोणीस मिळून चाक सुमारे ३५ इंच उंच होते. ७.००-१९ चे ३३, आणि ७.००-१६ चे ३० इंच.

जुने लाकडी चाक पाच फुटांचे, म्हणजे ६० इंचांचे धरले तर टायरचे चाक त्याच्या निम्म्याहून थोडेसेच मोठे. उंच चाक दगड सहज ओलांडते. चार इंचांचा दगड चढून जाण्यास ३५ इंची चाकाला ६० इंची चाकापेक्षा सुमारे ४० टक्के अधिक ओढ लागते, असे साध्या यंत्रशास्त्रावरून निघते. लहान खडा टायर पोटात घेतो, ही त्याची भरपाई. मोठ्या दगडापुढे मात्र ती पुरत नाही. म्हणून जेथे पर्याय असेल तेथे १६ इंची रिमपेक्षा १९ इंची घ्यावी. केवळ स्वस्त मिळते म्हणून जीपचे लहान चाक बसविणे हे बैलाच्या खर्चाने पैसा वाचविणे आहे.

चाक ठेंगणे झाले की आखही खाली येतो. बैलाची मान आहे तेथेच असल्यामुळे दांडी पुढे वर चढते आणि साटा मागे कलतो. ऊस भरावयास ही ठेंगणी गाडी सोयीची. पण मोळ्या थोड्या मागे सरकल्या की गाडी उलाळ होते, जू बैलाच्या गळ्याला वर ओढते, आणि पुढे सरकल्या तर सारा भार मानेवर येतो. नव्या मापाचे चाक घातल्यावर दांडीचा जोड आणि आखाची जागा सुताराकडून वा लोहाराकडून पुन्हा बसवून घेणे, हे काम म्हणूनच टाळता येत नाही.

रुंदीचा हिशेब हवेवरून करावा. टायर जमिनीवर जेवढा टेकतो ते क्षेत्र, चाकावरील भारास हवेच्या दाबाने भागले असता अदमासे मिळते. एका चाकावर १००० किलो आणि हवा दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो असेल, तर ४०० चौरस सेंटिमीटर जमीन भार झेलते. हवा कमी केली की क्षेत्र वाढते व फडात गाडी हलकी निघते. पण तीच गाडी तासाभरात डांबरी सडकेवर येते, आणि तेथे कमी हवेचा टायर बैलाला जड जातो व स्वतः तापून चिरतो. दर खेपेस हवा कोण कमीजास्त करणार? यास्तव टायरच रुंद घ्यावा, म्हणजे मध्यम हवेत दोन्हीकडे निभावते. ट्रकचा झिजलेला जाड टायर दिसावयास भक्कम असतो. परंतु तो मोठ्या भारासाठी घडविलेला असल्यामुळे गाडीच्या भाराने लवतच नाही, आणि न लवणारा टायर म्हणजे रबर लावलेली धावच होय. दोन्ही बाजूंना एकाच मापाचे, सारखे झिजलेले टायर असावेत, नाही तर गाडी सदैव एका बैलाकडे ओढते.

टायरमुळे ओढ हलकी होते हे सरकारनेही मानले आहे. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधी १९६५ साली जे नियम झाले, त्यांत लहान बैलाच्या दुचाकी गाडीस हवेचा टायर नसल्यास ५०० किलो, असल्यास ७५० किलो आणि बॉल-बेअरिंग असल्यास १००० किलो अशी मर्यादा घातली आहे. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे पहिले संचालक प्राध्यापक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेसाठी आयुष्याची अनेक वर्षे वेचली, तीही याच बेअरिंग, टायर आणि जू यांच्यापायी.

पण येथेच खरी मेख आहे. तोडणी-वाहतुकीची मजुरी टनावर मिळते. टायरने जी ओढ वाचते ती बैलाच्या वाट्यास येण्याऐवजी आणखी दहा-वीस मोळ्यांच्या रूपाने वजनकाट्यावर जाते. त्यातही पुष्कळांची टायरगाडी कारखान्याकडून भाड्याने आलेली, बैल मात्र गाडीवानाचे, बहुधा उचलीच्या पैशांतून घेतलेले. चाकाचे माप ठरविणारा एक आणि बैल खंगला तर कर्जात बुडणारा दुसरा, अशी ही वाटणी आहे. गाडीवान लोभी आहे असे म्हणणे सोपे आहे. उचल फेडावयाची असताना अर्धी गाडी भरून कोण निघेल? चाकाचे माप आणि भाराची मर्यादा ही कारखान्याने गाडी देतानाच बांधून दिली, आणि त्या मर्यादेत पोट भरेल असा टनाचा दर ठेवला, तरच रुंद टायरचे सुख बैलास पोचेल.

उतारावरची गोष्ट आणखी निराळी. लोखंडी धाव जड चालते, ही तिची खोड उताराला उपयोगी पडे. टायरगाडी सहज घरंगळते, आणि ब्रेक नसेल तर दोन टनांचा भार बैलांच्या पाठीवर येऊ पाहतो. टायर घेताना ब्रेकचा खर्च त्याच हिशेबात धरला पाहिजे. तसेच लोंबत्या उसाआडून दिसेल अशा जागी तांबडे परावर्तक. कारण या गाड्या बहुधा अंधारात सडकेवर असतात आणि टायरगाडीला आवाजही नसतो.

हवा पाहावयाची ती पहाटे, गाडी जुंपण्यापूर्वी. चाललेला टायर तापून हवा फुगलेली असते व माप खोटे दाखविते. त्याच वेळी चाक थोडे उचलून हाताने हलवून पाहावे; खुळखुळ लागली तर बेअरिंगला वंगण हवे आहे, किंवा ते बदलावयास झाले आहे.